चिंचेनं घासलेलं पितळ

मी हवा तपासायचं काम करतो, असं घरी फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे सायकलच्या दुकानात लागलास का रे बाबू?"

मंचरच्या बाजारातल्या एसटीडी बूथमध्ये उभा होतो. मागे दोन माणसं घसा खाकरत होती. तिकडे भंडाऱ्याच्या पलीकडे आमच्या गावातल्या एकुलत्या एका फोनवर आई उभी, तिच्याही मागे कुणीतरी उभं असणारच. ब्रेकर, वायू, ओल हे सगळं त्या दोन मिनिटांत कसं सांगणार? मी म्हटलं, "हो, तसंच समज." ती म्हणाली, "मालक चांगला आहे ना?" मी म्हटलं, "लई चांगला." 'लई' हा शब्द आमच्याकडचा नाही. तो तोंडात कधी बसला ते मला कळलं नव्हतं. आई नुसतं म्हणाली, "लई?"

ते काम काय होतं ते आता निवांत सांगतो. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट आहे.

आपण घरातलं बटण दाबतो तेव्हा आत बारीकशी ठिणगी उडते. सबस्टेशनमध्ये चिनी मातीचे तीन उंच खांब ओळीनं उभे असतात, त्यांना ब्रेकर म्हणतात. ते अख्ख्या तालुक्याचं बटण. ते बंद होतं तेव्हा आत जे उडतं त्याला ठिणगी म्हणणं म्हणजे पुराला ओघळ म्हणणं. ती विझवायला त्या खांबांत एक वायू दाबून भरलेला असतो. त्याला रंग नाही, वास नाही, हवेच्या पाचपट जड. कोरडा असेपर्यंत त्याच्यासारखा भला कोणी नाही. पण त्यात ओल शिरली, की आतल्या जाळानं त्याचं आम्ल बनतं आणि ब्रेकर आतून कुरतडला जातो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून अधूनमधून लाइन बंद करून त्यातला थोडा वायू बारीक नळीनं मीटरमध्ये सोडायचा आणि तो किती कोरडा आहे ते बघायचं. हे आमचं काम.

आमचं म्हणजे साहेबांचं. मी नळी धरणारा.

साहेब पन्नाशीचे, एका कंत्राटदाराकडे टेस्टिंगचे प्रमुख. मी चाकणच्या बाजूला एका टोळीबरोबर केबलचे चर खणत होतो तिथे त्यांनी मला पाहिलं. दुपारी बाकीचे आडवे झाले होते आणि मी उरलेली केबल पीळ न पडता गुंडाळत होतो. ते शेजारी येऊन उभे राहिले.

"शिक्षण किती?"

"सातवी. नापास नाही साहेब. सुटली."

"आकडे वाचता येतात?"

"येतात."

"उणे म्हणजे काय माहीत आहे?"

"वजाबाकी?"

"चालेल," ते म्हणाले. "उद्यापासून माझ्याकडे ये."

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, गावी बायको आणि एक मूल. एवढ्या मोठ्या माणसाला कुणी असं बोटानं उचलून सावलीत ठेवावं, हे मला आधी खरंच वाटेना. नंतर वाटलं, पण मग दुसरी भीती लागली. चूक झाली की परत चरात. रोज संध्याकाळी नट आवळायचे पाने मोजायचो, तीनदा. नळीची टोपणं लागली आहेत का ते झोपायच्या आधी उठून बघायचो. साहेब जरा गप्प बसले तरी मी पाने परत मोजायला घ्यायचो.

आणि ते गप्पच असायचे. टेस्टिंग चालू असताना चहा घ्यायचे नाहीत. नळीला हात लावायच्या आधी कोरड्या फडक्यानं तळहात पुसायचे, एकेक बोट वेगळं. मीटर लावलं की पंधरा मिनिटं त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मी विचारलं, का? तर म्हणाले, "बघत बसलं की आपल्याला हवा तो आकडा आला की थांबावंसं वाटतं." असा माणूस मी आधी पाहिला नव्हता. आमच्या टोळीचा मुकादम चराची खोली मोजताना पट्टी आधी मातीत रोवायचा, खोली जास्त दिसावी म्हणून.

त्यांनी मला मीटर समजावलं ते एका तांब्यावरून. म्हणाले, "गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, पाहिलंस ना? ते पाणी तांब्यातून झिरपत नाही. हवेतली ओल गारव्याला येऊन बसते. हवा जितकी कोरडी तितका तांब्या जास्त गार करावा लागतो. आपल्या मीटरमध्ये तांब्याच्या जागी एवढासा आरसा आहे. तो गार गार होत जातो. कितीला त्याच्यावर दव बसलं, तो आपला आकडा. उणे चाळीसच्या खाली बसलं तर वायू झकास." सातवीत सुटलेली शाळा मला त्या दिवशी अर्धा तास परत मिळाली.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर आमचा मुक्काम मंचरला होता. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली कामं तिथून करायची. एका जैन कुटुंबाच्या किराणा दुकानामागची खोली मला मिळाली होती. ती माणसं मूळची राजस्थानची, पण घरमालकीण काकी अशी मराठी बोलायच्या की मीच परका वाटायचो. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचा त्यांचा नेम. मी कामावरून वेळेत आलो तर एक ताट माझंही असायचं.

सबस्टेशनचा ऑपरेटर अवसरी बुद्रुकचा. शेतीवाला माणूस. ड्यूटीला येताना मोटारसायकलला कोथिंबिरीची पेंडी लटकवून यायचा आणि ती कुणाला ना कुणाला देऊन टाकायचा. मला पावणं म्हणायचा. "पावणं, तुमच्या भंडाऱ्याला लाइट हाय का? का अजून काजवे धरता?" मी काही बोललो नाही की म्हणायचा, "साहेब, ह्यो लई भितो राव. एक दिवस आहुप्याला सोडा ह्याला. देवराईत एक रात काढली की ब्रेकरची भीती जाईल."

कामात अडचण आली ती कपलिंगची. ब्रेकरच्या व्हॉल्व्हला आमची नळी जोडायला मध्ये पितळेचा एक तुकडा लागतो, एका बाजूचे आटे ब्रेकरच्या मापाचे आणि दुसऱ्या बाजूचे नळीच्या मापाचे. आमचा तुकडा झिजला होता. कंपनीकडून नवा यायला महिने लागणार होते आणि दसऱ्यानंतर तीन दिवसांचा शटडाऊन, म्हणजे लाइन बंद ठेवायची मुभा, मंजूर झाला होता.

ऑपरेटर म्हणाला, "जुन्नरला एक चाचा हाय. लेथवाला. तेच्यासारखे आटे पुण्यात कोन काढत न्हाई."

साहेबांना पटलं नव्हतं, पण गेलो. दाटीच्या गल्लीत एका खोलीचं दुकान. चाचा साठीपुढचे, बारीक, कानामागे खडूचा तुकडा. लेथजवळ मोटरपंपांचे शाफ्ट उभे करून ठेवलेले, शिवाय लेण्याद्रीच्या पायथ्याच्या कुणा रसवंतीवाल्याचा चरक दुरुस्तीला आलेला. साहेबांनी जुना तुकडा दाखवला आणि एकच अट घातली.

"कापताना पाणी मारायचं नाही. ते दुधासारखं पांढरं पाणी मारतात ना लेथवर, ते तर नाहीच. आत थेंबभर ओल राहिली तरी आमचं सगळं काम खोटं ठरतं."

"पितळ हाय साहेब. कोरडंच कापतो म्या," चाचा म्हणाले. "थेंब लावणार न्हाई. शब्द देतो."

चार दिवसांनी मी एकटा एसटीनं तो तुकडा आणायला गेलो. अजून आटे काढायचे बाकी होते. चाचांनी मला स्टुलावर बसवलं. "बस पावणं. बघ कसं निघतंय."

दीड तास मी बघत बसलो. पितळेचे बारीक सोनेरी कण उडून त्यांच्या पांढऱ्या दाढीत अडकत होते. दर फेरीनंतर लेथ थांबवायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवायचे. तेवढ्यात ओठ हलायचे, जसं काही वाचतायत. एकदा म्हणाले, "हितं केसभर जास्ती हाय," आणि मला तिथे काही म्हणता काही दिसेना. साहेबांचं पाठ करून उभं राहणं आणि ह्यांचं डोळे मिटणं, मला त्या दोघांत फरक वाटला नाही. शेवटी कोरड्या सुती फडक्यानं आतून-बाहेरून पुसून, दुसऱ्या फडक्यात बांधून त्यांनी तो तुकडा माझ्या हातात दिला. पाण्याचा थेंब तर सोडाच, त्या दीड तासात त्यांनी स्वतः पाणी प्यायलं नाही. हे बघणारा मी एकटा होतो. पुढे ते महत्त्वाचं ठरणार होतं.

दोन दिवसांनी खंडेनवमी आली.

आमच्या घरी त्या दिवशी बाप नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड सगळं तळ्यावर नेऊन धुवायचा. मी आणि भाऊ घासायला. धुतलेलं सगळं ओसरीवर मांडून, हळदकुंकू वाहून आई नारळ फोडायची. घर सोडून मला बरीच वर्षं झाली होती, पण टोळीत असताना पूजेला माझं असं हत्यार नव्हतंच. फावडी मुकादमाची. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या ताब्यात काहीतरी होतं. साहेब सणाला पुण्याला गेले होते. मीटरची पेटी त्यांनी कुलूप लावून नेली होती. माझ्याकडे नळी होती, पाने होते आणि ते नवं कपलिंग.

मी काकींकडे चिंच मागितली.

"देवाची भांडी का?" त्यांनी विचारलं.

"तसंच."

अंगणातल्या नळावर बसून मी ते कपलिंग चिंचेनं घासलं. बाहेरून घासलं, आतून करंगळीनं घासलं. असं लखलखलं की मलाच आनंद झाला. मग नळी घेतली. लांब, बोटाहून बारीक. नळाला लावून आतून पाणी सोडलं, दुसऱ्या टोकानं स्वच्छ पाणी येईपर्यंत. फुंकून काढलं. मग दोन्ही वस्तू पाटावर मांडून पूजा केली, झेंडूची फुलं वाहिली, आणि संध्याकाळी नळी वाळत घालायच्या दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं दिवसभर ऊन मिळालं. हात लावून पाहिलं, खडखडीत. टोपणं लावून ठेवून दिली.

साहेबांनी मला तांब्यावरून सगळं शिकवलं होतं. ओल म्हणजे काय, थेंबभर ओल काय करते, सगळं मला पाठ होतं. तरी पूजेसाठी धुतलेली वस्तू ही ओली करणं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धुणं म्हणजे चांगलं करणं, एवढंच घरून आलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शटडाऊन. परवाना हातात पडेपर्यंत बारा वाजले आणि लाइन चारला परत द्यायची होती. साहेबांनी कपलिंग पहिल्यांदा पाहिलं. "काम चकचकीत केलंय चाचांनी," ते म्हणाले. मला आतून गुदगुल्या झाल्या. सांगावंसं वाटलं, चमक माझी आहे.

पहिल्या खांबाला जोडलं. सांध्याला साबणाचा फेस लावून बघितला, एक बुडबुडा नाही. आटे पक्के. वायू हलकेच सोडला. साहेब पाठ करून उभे राहिले, घड्याळ बघून पंधरा मिनिटांनी वळले.

उणे अकरा.

त्यांनी आकडा लिहून घेतला आणि परत पाठ केली. पुन्हा पंधरा मिनिटं. उणे तेरा. पुन्हा. उणे चौदा.

ऑपरेटर पुढे झाला. "न्हाई साहेब. माझ्या ब्रेकरची हवा ओली? गेल्या साली भरली तवा म्या हितंच उभा व्हतो. प्रेशरचा काटा तसूभर हाललेला न्हाई."

"ब्रेकर ओला आहे का आपलं सामान ओलं आहे, ते आधी ठरवू," साहेब म्हणाले. "ब्रेकर ओला असता तर आकडा एका जागी बसला असता. हा हळूहळू सुधारतोय. म्हणजे वाटेत कुठेतरी ओल आहे, ती वायूबरोबर निघून येते आहे." त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि बोटांवर मोजायला लागले. "मीटर गेल्या आठवड्यात ठीक होतं. नळी गेल्या आठवड्यात ठीक होती. नवीन काय आहे?"

मी खाली वाकून पाने गोळा करायला लागलो.

"कपलिंग," साहेब म्हणाले. "पाणी मारलं त्यांनी. शब्द देऊन मारलं."

ऑपरेटरचा चेहरा पडला. "तसा माणूस न्हाई तो," एवढंच म्हणाला, पण हळू.

पहिलं रीडिंग आलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. नळी वरून वाळली, आत नाही. इतक्या बारीक नळीला आत वारा कुठून लागणार? आता बोलायचं, मी स्वतःला म्हणत होतो. आता. साहेब सामान आवरत होते तेव्हा म्हटलं, आता. जीपमध्ये बसलो तेव्हा म्हटलं, नारायणगाव येईपर्यंत. नारायणगाव आलं आणि गेलं. साहेब स्वतः गाडी चालवत होते. एकदाच बोलले. "ह्या तीन दिवसांत झालं नाही तर पुढचा शटडाऊन कधी मिळेल सांगता येत नाही. आणि चाचांना मी बाकीच्या सबस्टेशनची पण कपलिंगं देणार होतो." मी खिडकीबाहेर बघत होतो. टोमॅटोचे मांडव मागे पळत होते आणि मी मनातल्या मनात टोळीतल्या माणसांची तोंडं आठवत होतो. परत गेलो तर आधी कोण हसेल?

दुकानात लेथला झेंडूचा हार होता, कोमेजलेला. गल्लीतल्या सगळ्याच दुकानांनी घातला होता, चाचांनीही. चाचा साहेबांना बघून उठले, फडक्याला हात पुसले. साहेब बसले नाहीत. कपलिंग लाकडी फळीवर ठेवलं.

"चाचा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिल्ता."

"मग आत ओल कशी?"

चाचांनी तुकडा उचलला. दारापाशी उजेडात नेला, फिरवला. नख लावलं. मग नाकाशी धरला. आणि मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखाद्या शाफ्टकडे बघावं तसं, कुठे काय झालंय हे बघून घेतल्यासारखं. परत येऊन तुकडा जागेवर ठेवला.

"असंल साहेब," ते म्हणाले. "ऱ्हायला असंल येखांदा थेंब. वय झालं आता. दुसरा करून देतो, आत्ताच. बसा, चा सांगतो."

मी आयुष्यात बरेच उपकार घेतले आहेत. पण इतका महागडा उपकार कुणी इतक्या सहज, एका वाक्यात, हात पुसत केलेला मी पाहिला नव्हता. त्यांच्याकडे तो शब्द सोडून दुसरं होतं काय? पुण्याहून आलेल्या साहेबाला जुन्नरच्या गल्लीतली एक लेथ कशासाठी लक्षात राहणार? त्या शब्दासाठीच ना.

"साहेब," मी म्हटलं. "चाचांनी पाणी मारलं नाही. मी इथे बसलो होतो दीड तास. कोरडंच कापलं. मी धुतलं ते. नवमीला. चिंचेनं घासलं. आणि नळी पण. नळी आतून धुतली नळाच्या पाण्यानं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जे विचारलं ते असं.

"वाळवली किती?"

"एक रात्र आणि एक दिवस. दोरीवर."

"टोपणं?"

"वाळल्यावर लावली."

"म्हणजे उरलेली ओल आत कोंडलीस."

"हो."

"मीटरच्या आत एक थेंब गेला असता तर?"

"मीटर गेलं असतं."

"आणि?"

"आणि मी पण."

"तू कुठे जाणार होतास?" साहेब एकदम चिडले. "कुठे पाठवणार तुला मी? परत चर खणायला? आणि हे जे वर्षभर डोक्यात घातलं, ते काय चरात पुरायचं?" मग जरा खाली येऊन म्हणाले, "दुपारी का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"आणि आता नाही वाटली?"

"आता जास्त वाटली साहेब."

चाचा मध्येच हसले. खोकल्यासारखं बारीक हसू. "चिंच लावली म्हून तर वळखलं," ते म्हणाले. "म्या दिलं तवा पिवळं व्हतं, आता गुलाबी मारतंय. वासबी येतोय. बाबा रे, आमीबी पूजा करतो ह्या गल्लीत, समद्यांच्या बरोबर. पर हत्याराला तेल दावायचं, पानी न्हाई. तुझ्या गावाकडं फाळ धुत असतील. फाळाला चालतंय. तो परत मातीतच जानार."

साहेब त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला कळलं होतं, मग बोलला का नाहीत?"

चाचांनी खांदे उडवले. "माझी लेथ हितंच ऱ्हानार साहेब. तुमी न्हाई आला तर शेतकरी येतील, रसवाला येईल. ह्याला तुमी सोडला तर हा कुठं जानार? ह्याचं गाव दोन दिवसांवर."

साहेबांनी चप्पल काढली. का काढली मला अजून नीट सांगता येत नाही, देवळात काढतात तशी काढली, आणि आत जाऊन त्या स्टुलावर बसले. "चाचा, मी तुमच्यावर आळ घेतला. चुकलो."

"चुकलं कुठं? इचारायला तरी आला. बाकीचे न इचारता दुसऱ्या लेथवर जात्यात."

मग चहा आला. काम अर्धं राहिलेलं असताना साहेबांना चहा घेताना मी तेवढं एकदाच पाहिलं. चाचांनी दुसरा तुकडा केला नाही. शेजारच्या लोहाराच्या भट्टीकडेला पत्र्यावर तोच तुकडा ठेवून तापवला, हाताला सोसवेना इतका, आणि गरम असतानाच कोरड्या फडक्यात घट्ट बांधून माझ्याकडे दिला. साहेबांकडे नाही, माझ्याकडे. "आता देवाला दावू नको," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेटीतली सीलबंद नवी नळी काढली. अडीनडीला ठेवलेली. कपलिंग तेच. या वेळी शेवटच्या खांबापासून सुरुवात केली आणि म्हणाले, "मीटरकडे तू बघायचंस. मी नाही."

मी पण पाठ केली. पंधरा मिनिटं सबस्टेशनच्या कुंपणाबाहेरची कांद्याची रोपं मोजत होतो. वळलो तेव्हा आकडा स्थिर होता.

"उणे बेचाळीस," मी वाचलं.

"मोठ्यानं," साहेब म्हणाले.

"उणे बेचाळीस!"

ऑपरेटरनं लिहिता लिहिता मान वर केली. "चिंचंनं ब्रेकरचं पोट साफ झालं म्हना की." त्या दिवसापासून त्यानं मला पावणं म्हणायचं सोडलं आणि चिंचवाले म्हणायला लागला. काही वर्षांनी मी स्वतः मीटर घेऊन तिथे जायला लागलो, तेव्हाही गेटवरून ओरडायचा, "चिंचवाले आले, शटडाऊन घ्या!" मधला खांब उणे त्रेचाळीस, पहिला उणे बेचाळीस. ज्याच्यावर उणे अकरा लिहिलं होतं तोच पहिला.

रिपोर्टमध्ये आदल्या दिवशीचे आकडे साहेबांनी खोडले नाहीत. ते कधीच खोडायचे नाहीत. समोर शेरा लिहायला पेन टेकवलं आणि मला विचारलं, "नळी कुणी धुतली लिहू?"

"माझं नाव लिहा."

त्यांनी लिहिलं, 'नळी आमच्या हातून ओली राहिल्याने हे आकडे बाद.' आणि खाली सही केली. मी ती ओळ दोनदा वाचली. आमच्या हातून.

तिसरा दिवस रिकामा मिळाला. साहेबांना विचारून मी एसटीनं जुन्नरला गेलो. नारायणगावला गाडी बदलली. चाचा लेथवर वाकलेले होते. मला बघून त्यांनी मोटर बंद केली नाही, नुसती भुवई वर केली.

"आकडा आला," मी म्हटलं. "तुमच्याच कपलिंगवर. उणे बेचाळीस."

त्यांनी आता लेथ थांबवली. दाढीतला पितळेचा कण झटकला.

"उणं म्हंजी कमी ना रे?" त्यांना काळजी वाटलेली दिसली. "मंग चांगलं का वाईट?"

मी स्टूल पुढे ओढलं. त्यांचा पाण्याचा तांब्या कोपऱ्यात माठाजवळ होता. तो भरून आणला, त्यांच्यासमोर फळीवर ठेवला, आणि बाहेरून त्याच्यावर दव धरायची वाट बघत आम्ही दोघं बसलो.